आवाजाचा कान कोणी पिळावा?

एकत्र कुटुंबात वाद कशावरून होतील ह्याचा नेम नसतो. पण आवाजावरून ते हमखास होतात, असा आमचा अनुभव आहे. आजोबांस अभंग मोठ्याने हवे असतात, नातवाची परीक्षा तोंडावर आलेली असते, धाकट्या सूनबाईंच्या तान्ह्याचा नुकताच डोळा लागलेला असतो, आणि स्वयंपाकघरातून कोणी तरी हाक देते, “अरे, तो आवाज जरा कमी करा!” पूर्वी हा हुकूम सुटला की जो जवळ असेल तो उठून रेडिओचा कान पिळी आणि काम होई. हल्ली पिळावयाचा कान कोणता, हाच प्रश्न पडतो. गाण्याचे आकडे साठविणारे यंत्र एक, त्या आकड्यांची वीज करणारे दुसरे, ती वीज वाढविणारे तिसरे, आणि ह्या सर्वांस हुकूम सोडणारा फोन चौथा. प्रत्येकावर आवाज कमीजास्त करण्याची सोय आहे. ह्यांपैकी कोठून आवाज कमी केला असता गाण्याचे नुकसान होत नाही, ह्याविषयी शौकीन मंडळींत मोठे रण माजलेले असते. आकड्यांनी आवाज कमी केला की गाणे चिरडते, असे एक पक्ष म्हणतो. कळ फिरविणे हा गेल्या पिढीचा हट्ट आहे, असे दुसरा म्हणतो. आम्ही ह्या वादात पडणार नव्हतो. परंतु गेल्या श्रावणात रसायनीस एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथे हा वाद एका वृद्ध गृहस्थाच्या सुखाशी येऊन ठेपलेला पाहिला. म्हणून हा लेख.

रसायनी हे गाव खालापूर तालुक्यात, पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. गावाचे नावच कारखान्यांनी दिलेले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिचा कारखाना येथे उभा राहिला, त्यापाठोपाठ इतर आले, आणि पाताळगंगेच्या काठी नोकरदार मंडळींची वसाहत वाढली. त्या कंपनीचा येथील बहुतेक व्याप बंद करण्यास २०१७ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. पण नोकरीनिमित्त आलेली कित्येक कुटुंबे आता येथलीच होऊन गेली आहेत. आमच्या स्नेह्यांचे वडील, ज्यांस घरात सर्वजण नाना म्हणतात, ते तिकडच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. वय चौऱ्याऐंशी. मोहोपाड्याजवळ त्यांचे दुमजली घर आहे. घरात नाना व माई, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे, त्यांतील सर्वांत धाकटे आठ महिन्यांचे.

नानांस गाण्याचा नाद लहानपणापासूनचा. स्वतः गाइले नाहीत; पण वसाहतीतील गवयांच्या मागे तंबोरा धरून बसण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. तंबोऱ्यावर बसणाऱ्याचे नाव कोणत्याही पत्रिकेत छापले जात नाही, आणि नानांस त्याची खंतही नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्याशा घरी झालेल्या एका बैठकीची कॅसेट त्यांच्यापाशी होती. गाणारे गृहस्थ आता हयात नाहीत. मागे तंबोऱ्यावर नाना. थोरल्या नातवाने, जो पनवेलच्या महाविद्यालयात शिकतो, ती कॅसेट मोठ्या हौसेने आकड्यांत उतरवून एका लहानशा संगणकात ठेवली, त्यास आकड्यांची वीज करणारा एक डॅक जोडला, आणि तो घरातील जुन्या, १९८०–९० च्या सुमारास घेतलेल्या ॲम्प्लिफायरास लावला. नानांनी ऐकले आणि म्हणाले, “गाणे छान येते रे, पण तंबोरा कोठे गेला?”

घरच्यांनी ह्याचा अर्थ नानांचे कान गेले असा केला. वयोमानाने ऐकू कमी येते हे खरेच, आणि शंका कोणासही येईल. पण आम्ही गेलो त्या संध्याकाळी आम्हांसही तंबोरा ऐकू येईना. बाहेर पाऊस, आत बारीकशी ‘स्स्स्’ अशी खर, आणि त्या खरीत मिसळून गेलेले काही तरी. नानांपेक्षा आम्ही वीस वर्षांनी धाकटे आहोत, ही गोष्ट आम्ही त्या वेळी मोठ्याने बोलून दाखविली.

ह्याहून गंभीर प्रकार आषाढात घडून गेला होता. रसायनीस पावसाळ्यात वीज जाते आणि येते. (येथून जवळच खोपोलीस टाटांचे जलविद्युत्-गृह १९१५ साली सुरू झाले, आणि तेथून सुटणारे पाणीच पाताळगंगेत येते. विजेच्या माहेरी विजेची अशी वर्दळ असावी, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.) एका रात्री दोनच्या सुमारास गेलेली वीज परत आली. संगणक आपोआप सुरू झाला, संध्याकाळी अर्धवट राहिलेले गाणे त्याने पुढे चालू केले, आणि त्याचा आवाजाचा आकडा मात्र मूळपदावर, म्हणजे शंभरावर गेला. साऱ्या घरावर जणू वीज कोसळली. तान्हे किंचाळून उठले आणि पहाटेपर्यंत निजले नाही. माईंची छाती धडधडू लागली. एका ध्वनिपेटीतील उंच स्वरांचा लहान भोंगा जळून गेला, तो नवा आणावा लागला. दुसऱ्या दिवशी माईंनी निकाल दिला की, सूर्यास्तानंतर हे यंत्र भिंतीतून काढून ठेवावयाचे. नानांचे गाणे त्या दिवसापासून रात्रीचे बंद झाले होते. आणि वृद्धांस झोप येत नाही ती रात्रीच.

आम्ही नातवास विचारले, “ॲम्प्लिफायरास कळ आहे ना? मग आवाज संगणकावरून का कमी करता?” तो म्हणाला, “काका, ती कळ खरखरते.”

येथे सर्व प्रकरणाचे मूळ सापडले. जुन्या पद्धतीच्या कळीच्या पोटात कार्बनची एक नालाच्या आकाराची पट्टी असते आणि तिजवर घासत फिरणारी धातूची एक जीभ असते. जीभ जेथे टेकते तेथून जेवढी वीज मिळेल तेवढा आवाज. दुरुस्तीच्या दुकानात ह्यास नुसते ‘व्हॉल्यूम’ म्हणतात; “व्हॉल्यूम गेलाय, बदलावा लागेल,” असे. ह्या पट्टीवर धूळ बसली, कोकणातील दमट हवेने जिभेवर पुट चढले, की कळ फिरविताच खर्रखर्र आवाज येतो आणि एखाद्या जागी एका बाजूचा आवाज साफ जातो. ह्या घरच्यांनी असे केले की, ज्या जागी दोन्ही बाजू नीट वाजतात अशी जागा शोधली, घड्याळात तीन वाजता तासकाटा असतो तेथे. कळ तेथे ठेवली आणि नंतर तिला हात लावावयाचा नाही असा दंडक घातला. म्हणजे ॲम्प्लिफायर जवळजवळ पुरा उघडा, आणि आवाजास लगाम तेवढा संगणकाचा. पडद्यावरचा आकडा शंभरांपैकी पंधरा-वीस. यंत्रे जुनी-नवी मिसळून वापरणाऱ्या कित्येक घरांत हीच मांडणी आढळेल. वाचकांनी आपल्या घरी पाहावे.

ही मांडणी तंबोऱ्यास का बाधते हे कळण्यासाठी तंबोऱ्याकडेच थोडे वळले पाहिजे. चार तारांचे हे वाद्य. पण त्याचा जीव त्या चार स्वरांत नाही. घोडीचा माथा रुंद व किंचित उतरता असतो, आणि तार व घोडी ह्यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून जवारी लावतात. त्यामुळे तार प्रत्येक कंपनात घोडीस हलकेच स्पर्श करीत राहते, आणि मूळ स्वराच्या वर उपस्वरांची एक झालर उमटते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली ह्या वाद्यांवर निबंध लिहिला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटता कामा नयेत. तंबोऱ्यात मात्र ते चांगले स्पष्ट उमटतात, आणि ह्याचे कारण ती घोडी, असे त्यांनी दाखविले. मिरजेस तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूर भागातील भोपळे आणून ह्या झालरीसाठीच खपत आली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेतच ज्यांचे वास्तव्य होते त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची तंबोरे जुळविण्यातील चिकाटी जाणत्यांच्या बोलण्यात आजही येते. ही झालर गाणाऱ्याच्या आवाजाच्या मानाने फार बारीक असते. म्हणून घरातील यंत्रात कोठे जरी खर शिरली तरी पहिला बळी तिचा जातो. गाणे शाबूत राहते, शब्द कळतात, तबला वाजतो, आणि तंबोरा तेवढा नाहीसा होतो. नानांनी बरोबर दुखण्यावर बोट ठेवले होते.

आता खर कोठून येते? वर म्हटलेल्या कॅसेटमध्ये तिची स्वतःची खर आहेच. चुंबकीय फितीस ती चुकत नाही. परंतु ती खर गाण्याच्या सोबतीने राहते: गाणे मोठे केले तर मोठी होते, लहान केले तर लहान. दुसरी खर यंत्रांची. डॅकच्या पोटात आणि ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात ती उत्पन्न होते, आणि संगणकावर गाणे कितीही लहान केले तरी ती तसूभर हटत नाही. कारण लगाम तिच्या आधी आहे. दहा माणसे बोलत असता नऊ कुजबुजू लागली आणि एक पूर्वीसारखाच बोलत राहिला, तर ऐकू कोण येणार?

हे नुसते तर्काने सांगून घरच्यांस पटले नसते. म्हणून आम्ही गाणे थांबविले, पंखा बंद करविला, ध्वनिपेटीजवळ कान नेला आणि नातवास ती निषिद्ध कळ फिरवावयास सांगितले. कळ खाली येताना बरीच खरखर झाली, पण तळाशी पोचताच ‘स्स्स्’ मावळली. म्हणजे खर कळीच्या आधीच्या टप्प्यांची होती. कळ फिरवूनही ती तेवढीच राहिली असती, तर ती कळीनंतरच्या भागाची ठरून उपाय निराळा पडला असता. ज्यांस आपल्या घरी शंका असेल त्यांनी एवढी परीक्षा करावी. तीस एक दमडी लागत नाही. मात्र त्या वेळी गाणे खरोखर थांबलेले आहे ह्याची खात्री करून घ्यावी, नाही तर परीक्षा कानाचीच व्हावयाची.

नातू मात्र एवढ्याने समाधान पावणारा नव्हता. त्याने कोठे तरी वाचले होते की, आकड्यांनी आवाज कमी केला की ‘बिट’ नाहीसे होतात. हे काय गौडबंगाल आहे?

त्यात तथ्य आहे आणि नाहीही. १९८२ साली विक्रीस आलेल्या तबकडीवर, जीस आपण सीडी म्हणतो, गाण्याची प्रत्येक सेकंदास ४४,१०० मापे घेतलेली असतात आणि प्रत्येक माप सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, मांडलेले असते. आवाज कमी करावयाचा म्हणजे प्रत्येक मापास एका अपूर्णांकाने गुणावयाचे. निम्मे केले की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो आणि एक बिट खर्ची पडतो. अठ्ठेचाळीस डेसिबल उतरविला तर आठ बिट गेले, उरले आठ. पायऱ्या पासष्ट हजारांच्या दोनशे छप्पन्न झाल्या. हा हिशेब खरा आहे. परंतु तो अशा दुकानदाराचा हिशेब आहे की ज्याच्या वहीत रुपयांचाच रकाना आहे. सात रुपयांचे चार वाटे केले, प्रत्येकी एक लिहिला, उरलेले सोडून दिले. वहीस पैशांचा रकाना जोडला की पावणेदोन रुपये नीट लिहिता येतात. हल्लीचे डॅक चोवीस किंवा बत्तीस बिटांत काम करतात, तो हा पैशांचा रकाना होय. सोळा बिटांचे गाणे चोवीस बिटांच्या वहीत अठ्ठेचाळीस डेसिबल उतरविले तरी एकही दमडी सांडत नाही. त्यातूनही शेवटी काही सोडावेच लागले, तर चांगली यंत्रे त्यात अगदी सूक्ष्म असा अनियमित आवाज मिसळून घेतात, ज्यायोगे चूक गाण्याच्या पाठोपाठ फिरत नाही आणि कानास टोचत नाही. तेव्हा ‘बिट जातात’ ही तक्रार सोळा बिटांत घाईने गुणाकार करणाऱ्या जुन्या यंत्रांपुरती रास्त होती. आज चांगल्या यंत्राविषयी ती करणे म्हणजे पणजोबांचे भांडण पणतूने चालविण्यासारखे आहे.

उलट पक्षी, चोवीस बिट आहेत म्हणून हवा तेवढा उतरवा, हेही खरे नव्हे. वहीत रकाने किती ह्यापेक्षा तिजोरी गळकी आहे की नाही हे महत्त्वाचे. समजा, एका डॅकची खर त्याच्या पूर्ण आवाजाच्या खाली एकशे दहा डेसिबल आहे. त्यात आकड्यांनी चाळीस डेसिबल उतरविले, तरी गाणे व खर ह्यांत सत्तर डेसिबलांचे अंतर राहते. रात्रीच्या शांत खोलीतही पंचवीस-तीस डेसिबलांची कुजबूज असते. रसायनीस श्रावणात बेडूक व पागोळ्या मिळून तिच्या कितीतरी पट. साधारण बोलण्याच्या पट्टीत गाणे वाजत असता ही खर कोणाही मनुष्याच्या कानी पडणार नाही. परंतु यंत्र साधे असले, ॲम्प्लिफायर गरजेपेक्षा कितीतरी अधिक उघडा असला, आणि मग पन्नास-साठ डेसिबल आकड्यांनी दाबावे लागले, तर अंतर संपत येते आणि झालर बुडते. ह्या घरात हेच झाले होते. दोष आकड्यांचा नव्हता. नळ पुरा सोडून बोटाने धार दाबण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी नातवाने मोहोपाड्याच्या बाजारातून इलेक्ट्रॉनिक वस्तूंस चालणारा सफाईचा फवारा आणला, वीज काढून ॲम्प्लिफायर उघडला, आणि कळीच्या फटीत दोन थेंब सोडून ती पाच-पन्नास वेळा मागेपुढे फिरविली. खरखर जवळजवळ गेली. मग संगणकाचा आकडा शंभराच्या जवळ आणि कळ अगदी खाली, अशी मांडणी करून पाहिली. खर नाहीशी झाली खरी. पण नवीनच विघ्न उभे राहिले. गवई मधून सरकून डाव्या भिंतीशी जाऊन बसले!

ह्याचेही कारण कळीतच आहे. आपला कान मोठा चमत्कारिक हिशेबनीस आहे. शक्ती दुप्पट केली तरी त्यास आवाज थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट वाटावयास ती सुमारे दसपट करावी लागते. म्हणून कळीतील पट्टी सरळ प्रमाणात न करता आरंभी सावकाश व पुढे झपाट्याने चढणारी अशी करतात; नाही तर सर्व फेरफार पहिल्या बोटभर अंतरातच आटोपला असता. डाव्या-उजव्या बाजूंसाठी अशा दोन पट्ट्या एकाच दांड्यावर बसविलेल्या असतात, आणि स्वस्त कळीत ह्या दोघी तळाशी एकमेकींशी जुळत नाहीत. दोन-तीन डेसिबलांचा फरक सहज पडतो, आणि तेवढा गवयास जागेवरून हलवावयास पुरतो. आकड्यांचा लगाम येथे निःसंशय सरस. त्याचा डावा-उजवा कधी चुकत नाही, त्यास धूळ लागत नाही, पावसाळा बाधत नाही.

उपाय अगदी क्षुल्लक निघाला. डॅक व ॲम्प्लिफायर ह्यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस दोन-दोन रोधक जोडून येणारी वीज एकदशांश करून टाकली. नऊ हजार ओहमांचा एक, एक हजाराचा एक; आवाज वीस डेसिबलांनी खाली. खर्च हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुपयांचा, आणि डाग देण्याचे काम नातवाने स्वतः केले. आता कळ तळाशी न ठेवता घड्याळातल्या अकराच्या जागी येऊ लागली, तेथे दोन्ही पट्ट्या नीट जुळतात. गवई पुन्हा मध्यभागी आले.

शौकिनांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे गोल फिरणारी कळ दिसली म्हणजे आत कार्बनची पट्टी असेलच असे नाही. हल्ली कित्येक ॲम्प्लिफायरांची कळ नुसती हुकूम देणारी असते. ती कोठेही न अडता गरगर फिरते, आणि आत रोधकांची शिडी असलेली चकती हुकुमाप्रमाणे पायरी बदलते. म्हणजे हुकूम आकड्यांचा, पण लगाम विजेचाच. अशी व्यवस्था आम्हांस दोहोंतील गुण घेणारी वाटते. तसेच फोनच्या पडद्यावर ‘तीस’ दिसले म्हणजे आवाज शेकडा तीस झाला असेही समजू नये. कोणाचा तीस म्हणजे किती डेसिबल, हे ज्याच्या त्याच्या कारखानदारास ठाऊक.

आता माईंच्या बंदीचा प्रश्न. कळीचा एक गुण असा आहे की, वीज गेली, आली, घरात प्रलय झाला, तरी ती आपली जागा विसरत नाही. संगणक विसरतो. म्हणून आम्ही असे सुचविले की, घरात सहन होईल असा मोठ्यात मोठा आवाज कळीने एकदा ठरवावा आणि तेथे खूण करावी. रोजचा कमीजास्तपणा, फार तर वीसेक डेसिबलांचा, फोनवरून करावा. संगणक पुन्हा कधी मध्यरात्री भ्रमिष्ट झालाच, तर तो त्या खुणेपलीकडे ओरडू शकणार नाही. सूनबाईंस स्वयंपाकघरातून हात पुसून फोनवर आवाज उतरविता येणे मोलाचे आहे. नानांस गुडघेदुखीमुळे उठवत नाही, त्यांसही फोनच सोयीचा. नुसती कळच खरी असे म्हणणाऱ्यांनी संधिवात झालेल्या माणसाच्या खुर्चीत बसून ते म्हणावे. माईंनी स्वतः कळ हातात घेऊन मर्यादा ठरविली आणि धाकट्या नातीने तेथे नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला. ठिपका आम्हांस थोडा खालीच वाटला. पण ते बोलण्याची सोय नव्हती. आणि शेजारधर्म पाहता माईंचेच बरोबर होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा आहे. तरुण मंडळी कानांत बोंडे खुपसून ऐकतात त्यांच्यासाठीही एक आकडा सांगून ठेवतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ऐंशी डेसिबल आठवड्यास चाळीस तासांहून अधिक ऐकू नयेत, आणि मुलांसाठी ती मर्यादा पंच्याहत्तर डेसिबलांचीच आहे.

एवढे झाल्यावर सर्व सुरळीत झाले असे म्हणावयाचा मोह होतो, पण रात्री हळू आवाजात ऐकताना नाना म्हणाले, “झालर आली. खर्ज मात्र अजून लांब बसलाय.” ही तक्रारही खरी होती, आणि तिचा दोष मात्र कोणत्याही यंत्राकडे जात नाही. फ्लेचर व मन्सन ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखविले की, आवाज जसजसा हळू होतो तसतसा आपला कान खर्जाच्या स्वरांस अधिकाधिक बहिरा होत जातो. म्हणून बैठकीतला तंबोरा व तबल्यातला बायां रात्रीच्या हळू आवाजात मागे सरकतात. लगाम आकड्यांचा असो की कळीचा. जुन्या ॲम्प्लिफायरांवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे ते ह्याचसाठी. ह्या घरच्या ॲम्प्लिफायरावरही ते होते, आणि कशाचे आहे हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे इतक्या वर्षांत कोणी दाबले नव्हते. नातवाने ते दाबले. ज्या बारीकात बारीक उपस्वरांस नानांचा कान वयामुळे पारखा झाला आहे, ते काही त्याने परत येणार नव्हते. वार्धक्यात उंच स्वर आधी जातात, ह्यास इलाज नाही. परंतु जे यंत्राने हिरावले होते ते यंत्राने परत दिले.

आमचा तो शेवटचा मुक्काम होता. साडेनऊ वाजले होते, पाऊस थोडा ओसरला होता, तान्हे आतल्या खोलीत निजले होते. चाळीस वर्षांपूर्वीची ती बैठक पुन्हा लावली. गवयाने षड्ज लावण्यापूर्वी क्षण-दोन क्षण नुसते तंबोरे वाजतात, ते प्रथमच आम्हांस स्पष्ट ऐकू आले. नाना डोळे मिटून ऐकत होते. नातू त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. थोड्या वेळाने नाना डोळे न उघडताच म्हणाले, “पंचमाची तार किंचित उतरलेली आहे.”

नातू घाबरून फोन उचलू लागला; त्यास वाटले, पुन्हा काही तरी बिघडले.

“यंत्र ठीक आहे रे,” नाना म्हणाले. “तेव्हाही उतरलेलीच होती. तंबोरा मीच धरला होता.”

आतून माईंचा आवाज आला, “अहो, दहा वाजत आले, जरा हळू करा.” नानांनी नातवाकडून फोन मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दोन पायऱ्या आवाज उतरविला.